बाटली भरलेली आहे, पण ससा पाणी पितोय का?

पत्र :

आम्ही डिचोलीला राहतो. माझी मुलगी सातवीत आहे. तिने वर्षभरापासून एक ससा आणि दोन गिनीपिग पाळलेत. पिंजरे पडवीत असतात. पाण्यासाठी पिंजऱ्याला बाहेरून अडकवायच्या बाटल्या आहेत, खाली स्टीलची नळी आणि नळीच्या टोकाला गोळी असते तशा. मुलगी रोज सकाळी न चुकता बाटल्या तोंडापर्यंत भरते. पण पाऊस लागल्यापासून बाटल्यांना आतून हिरवट थर धरतोय, नळीचं तोंड हाताला बुळबुळीत लागतं. गेल्या तीन-चार दिवसांत सशाच्या बाटलीतलं पाणी फारसं कमी होत नाही आणि त्याच्या लेंड्याही बारीक झाल्यात. सासूबाई म्हणतात, बाटली डेटॉलने धू. शेजारचे सांगतात, पाण्यात तुरटी फिरव. मुलगी गिनीपिगांच्या पाण्यात व्हिटॅमिन सीची गोळी विरघळवते, ते बरोबर आहे का? बाटली नेमकी कशी धुवायची, पाणी विहिरीचं द्यावं की नळाचं, आणि बाटलीऐवजी सरळ वाटी ठेवली तर चालेल का? पडवीच्या पायरीवर आम्ही भटक्या कुत्र्यांसाठीही एक टोप भरून ठेवतो.

– एक आई, डिचोली

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातलं ‘पाणी फारसं कमी होत नाही आणि लेंड्याही बारीक झाल्यात’ हे वाचलं आणि मी तिथेच थांबले. म्हणून त्याच दिवशी तुम्हाला चार ओळींचा निरोप धाडला होता : आत्ताच्या आत्ता पिंजऱ्यात जड वाटीत पाणी ठेवा, आणि ससा बारा तास काही खात नसेल किंवा लेंड्याच टाकत नसेल, तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या, सकाळची वाट बघू नका. वाटी ठेवल्याबरोबर तो तोंड वर न करता बराच वेळ पीत राहिला, असं तुम्ही कळवलंत. म्हणजे तहान होती. पाणीही डोळ्यांसमोर होतं. ते त्याच्या तोंडात पोचत नव्हतं, एवढंच.

सशाचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. पाणी कमी पडलं की तो खाणं कमी करतो, खाणं कमी झालं की आतडं मंदावतं, आणि आतडं थांबलं की ससा एक-दोन दिवसांत हातचा जाऊ शकतो. शिवाय सशाच्या शरीरात जास्तीचा कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतो. सशाची लघवी मुळातच गढूळ दिसते ती त्यामुळे. पाणी कमी प्यायला की हा गाळ मूत्राशयात साचतो, पुढे खडे होतात. म्हणून बाटलीचा विषय मी फक्त स्वच्छतेचा मानत नाही. बाटली स्वच्छ असायला हवी आणि ती चालायलाही हवी, आणि घाणेरडी बाटली बहुतेक वेळा चालायचीही थांबते.

ही बाटली चालते कशी, ते मुलीला एकदा दाखवा, तिला आवडेल. बाटली उलटी असते, झाकण घट्ट असतं, त्यामुळे आत हवा शिरायला वाट नसते आणि पाणी वरच्या वर तोलून राहतं. ससा जिभेने गोळी ढकलतो, थेंब सुटतो, आणि गेलेल्या पाण्याची जागा घ्यायला हवेचा बुडबुडा नळीतून वर जातो. बुडबुडा वर गेला म्हणजे पाणी खाली आलं. आता त्या गोळीच्या कडेला बुळबुळीत थर साचला, किंवा सुक्या गवताची काडी अडकली, तर गोळी हलत नाही. ससा चाटत राहतो, बुडबुडा दिसत नाही. बाहेरून बघणाऱ्याला मात्र बाटली छान भरलेली दिसते.

हे मी अंगावर घेऊन शिकले आहे. बरीच वर्षं झाली, गणेश चवथीला आम्ही दोन दिवस सत्तरी तालुक्यातल्या गावच्या घरी गेलो होतो. ससा घरी होता. शेजारणीला सांगितलं होतं, बाटलीत पाणी संपलं तर भर. ती बिचारी दोन्ही दिवस येऊन बघून गेली, बाटली भरलेलीच होती, मग भरणार काय? आम्ही आलो तेव्हा ससा कोपऱ्यात पाठ वर काढून बसला होता, दात कराकरा वाजवत होता, ताटलीतला पाला तसाच सुकून गेला होता. डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन दिलं. तिसऱ्या दिवशी त्याने पहिली काडी तोंडात घेतली, तेव्हा कुठे घरात सगळे जेवलो. नंतर नळी सोडवून बघितली, तर गोळीच्या मागे गवताचा जेमतेम नखाएवढा तुकडा होता, त्यावर पांढरट बुळबुळीचा लेप. शेजारणीची काहीच चूक नव्हती. ‘पाणी भर’ एवढंच मी सांगितलं होतं, ‘गोळी दाबून थेंब बघ’ हे सांगितलं नव्हतं.

माझी सतरा वर्षं वेर्ण्याच्या एका औषध कंपनीच्या प्राणिगृहात गेली. तिथे शेकडो बाटल्या असायच्या आणि एक नियम कुणी मोडलेला चालत नसे : अर्ध्या बाटलीत पाणी घालून ती पुन्हा भरायची नाही. जुनी बाटली उरल्या पाण्यासकट धुवायला जायची, धुऊन सुकलेली दुसरी लागायची. एका पिंजऱ्याची बाटली दुसऱ्याला लावायची नाही. आणि बाटली लावली की बोटाने नळी टिचकावून थेंब बघायचा. घरी हे सगळं तितक्या काटेकोरपणे करायची गरज नाही, पण त्यामागची समज घरीही तीच हवी. तुमची मुलगी रोज सकाळी बाटली तोंडापर्यंत भरते हे तिचं मन चांगलं असल्याचं लक्षण आहे. फक्त वरून नवं पाणी घातलं म्हणजे खालचं जुनं पाणी आणि कडेचा थर तिथेच राहतो, त्याला रोज नवं पाणी मिळत राहतं.

हा थर म्हणजे काय, ते बोटाला कळतं. बाटली रिकामी करा, करंगळी तोंडातून आत घालून कडेवर फिरवा आणि अंगठ्यावर चोळून बघा. भेंडी चिरताना सुरीला जशी बुळबुळ लागते तशी लागली, तर तो जिवाणूंचा थर आहे. जनावर पिताना तोंडातली लाळ, खाण्याचे कण नळीत मागे जातात, गिनीपिग तर चघळलेला घास अक्षरशः नळीत फुंकतात. त्यावर जिवाणू वाढतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण करून घेतात. पावसात विहिरीच्या पायरीवरची निसरड घागरभर पाणी ओतल्याने जाते का? नाही जात, घासावी लागते. बाटलीतही तसंच. नुसतं खळखळून ओतलं तर थराला काही होत नाही. औषधाचं पाणी घातलं तरी ते वरच्या वर राहतं, आतल्या जिवाणूंपर्यंत नीट पोचत नाही. आधी घासणं, मग बाकी सगळं. हिरवा रंग आहे तो शेवाळाचा, त्याला वाढायला उजेड लागतो. बाटली पडवीत पुढच्या अंगाला असेल तर आतल्या भिंतीकडे घ्या, किंवा बाटलीला जाड कापडाचा मोजा शिवा. मोज्याला मध्ये एक उभी फट ठेवा, पाण्याची पातळी दिसली पाहिजे.

आता घासायचं कसं. बाळाची दुधाची बाटली धुवायचा लांब ब्रश औषधाच्या दुकानात मिळतो, तो एक फक्त या कामाला ठेवा. नळीसाठी स्टीलच्या स्ट्रॉबरोबर मिळतो तो बारीक ब्रश उत्तम, तो बाटलीकडच्या तोंडातून घालून गोळीपर्यंत न्यायचा, फिरवायचा, आणि टोकाला गोळी बोटाने आतबाहेर करत वाहत्या पाण्याखाली धरायची. झाकणातला रबराचा वायसर काढून त्याची खाचही घासा. सगळ्यात जास्त काळी बुरशी मी तिथेच बघितली आहे, आणि तिथे कुणी बघत नाही. बाटलीचं तोंड अरुंद असेल आणि ब्रश कोपऱ्यात पोचत नसेल तर मूठभर कच्चे तांदूळ, थोडं कोमट पाणी, दोन थेंब भांडी घासायचा साबण घालून तोंड तळहाताने दाबून जोरात हलवा. तांदूळ कोपरे घासून काढतात. नळी मात्र आधी सोडवून ठेवा, एखादा दाणा तिच्यात गेला तर पुन्हा तेच दुखणं. नारळाच्या सोडणाचा काथ्या किंवा तारेची घासणी प्लॅस्टिकला लावू नका. ती ज्या बारीक चरा पाडते, त्यांत हाच थर पुढच्या वेळी पाय रोवतो.

रोज एवढं करायचं नाही. रोज उरलेलं पाणी झाडाला ओतायचं, कोमट पाण्याने ब्रश मारायचा, ताजं पाणी भरायचं आणि थेंब बघायचा, दोन मिनिटांचं काम. साबणाची पूर्ण धुणी आठवड्यातून दोनदा, पावसाळ्यात आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात एक दिवसाआड. आणि आठवड्यातून एकदा निर्जंतुक करायचं. त्यासाठी औषधाच्या दुकानात सोडियम हायपोक्लोराइटचं साधारण ५ टक्क्यांचं द्रावण मिळतं. एक लिटर पाण्यात त्याचं ३० मिली घालायचं, आधी घासून घेतलेली बाटली त्यात १० मिनिटं बुडवून ठेवायची, मग वास पूर्ण जाईपर्यंत धुवायची. स्टीलची नळी त्यात घालू नका, गोळीला खड्डे पडतात. नळी पूर्ण धातूची असेल तर वायसर काढून १० मिनिटं पाण्यात उकळा. पांढरा चुन्यासारखा थर असेल तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी समान घेऊन अर्धा तास बुडवा. आपला माडाचा व्हिनेगर या कामाला नको, त्याचा वास राहतो आणि ससा वासाला फार चोखंदळ असतो. आणि हे मुलीला समोर बसवून सांगा : व्हिनेगर आणि हायपोक्लोराइट एकत्र कधीच करायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, न्हाणीसारख्या कोंडलेल्या जागेत तो माणसालाही घातक आहे. हायपोक्लोराइटचं काम मोठ्या माणसानेच करावं.

आपल्याकडे खरी अडचण सुकवण्याची. जुलैत कपडे तीन दिवस ओले राहतात, तिथे बाटली कशी सुकेल? ओली बाटली झाकण लावून ठेवली की आत बुरशी धरलीच. उपाय एकच, प्रत्येक पिंजऱ्याला दोन बाटल्या. एक लागलेली, दुसरी उघडी करून भांड्यांच्या स्टँडवर उलटी, पंख्याखाली किंवा फ्रिजच्या कडेला उबाऱ्याला. चोवीस तासांत कोरडी होते. बाटल्यांवर प्राण्यांची नावं लिहा, म्हणजे अदलाबदल होणार नाही.

बाटली कुठली घ्यावी? काचेला चरा पडत नाहीत, ती ससा कुरतडू शकत नाही, गरम पाण्याने धुता येते. म्हणून परवडत असेल तर जाड काचेची घ्या. प्लॅस्टिकची असेल तर तळाला त्रिकोणात आकडा बघा. ५ असेल तर गरम पाणी चालतं. विकतच्या पाण्याच्या बाटलीवर १ असतो. तिला नळी बसवून वापरणारे बरेच आहेत, पण ती पातळ असते, गरम पाण्याने वाकते, आणि वाकली की झाकण घट्ट बसत नाही, पाणी गळायला लागतं. नळीवर तांबूस गंज दिसला तर ती टाकून द्या. आपल्या खाऱ्या हवेत स्वस्त मुलामा फार टिकत नाही. आणि बाटली दुपारी उन्हात येत असेल तर कारण नसताना ठिबकते : आतली हवा तापून फुगते आणि पाणी खाली रेटते. खालचं गवत ओलं होतं, सशाच्या तळव्यांना जखमा होतात. बाटली भरताना हवेला जागा कमी ठेवणं आणि सावलीत टांगणं, दोन्ही करा.

डेटॉल नको. ते बाहेरून लावायचं औषध आहे, त्याचा अंश पाण्यात उतरला तर लहान जनावराला सोसत नाही. मांजरांना तर ते आणि फिनेल दोन्ही विषच. सासूबाईंची कळकळ मात्र मला समजते. त्यांच्या लहानपणी गोठ्यातली दगडी दोण रोज सकाळी रिकामी करून, घासून मगच भरली जात असणार. त्यांना तेवढंच विचारा, दोण कशी घासायची. मुलीला ही सवय लावायला त्यांच्याइतकं योग्य घरात कुणी नसेल.

तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरतील याची खात्री नाही. जलशुद्धीकरण केंद्रांतही गाळ बसवायला त्याच जातीची द्रव्यं घालतात, पण तिथे पुढे गाळणं आणि क्लोरीन असतं. व्हिटॅमिनची गोळी पाण्यात विरघळवू नका. गिनीपिगांना व्हिटॅमिन सी बाहेरून लागतंच, माणसासारखंच त्यांच्या शरीरात ते तयार होत नाही, त्यामुळे मुलीची काळजी खरी आहे. पण पाण्यातलं व्हिटॅमिन उजेडाने आणि धातूने काही तासांत उतरत जातं. शिवाय पाण्याची चव बदलली की ती पाणीच कमी पितात. त्याऐवजी रोज भोपळी मिरचीची एक फोड आणि कोथिंबिरीच्या चार काड्या द्या.

पाणी कुठलं, याला माझं उत्तर सोपं आहे : घरातली माणसं जे पितात ते. ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राचं असो, अस्नोड्याच्या असो की साळावलीच्या, नळाच्या पाण्यात थोडं क्लोरीन असतं, ते जनावराला चालतं आणि बाटलीतल्या जंतूंना थोडं आवरूनही धरतं. विहिरीचं पाणी पावसात वर येतं तेव्हा आजूबाजूचं सगळं घेऊन येतं. ते खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळा, निववा आणि मग भरा. फक्त उकळलेल्या पाण्यात क्लोरीन नसतं, त्यामुळे घाणेरड्या बाटलीत ते लवकर बिघडतं. उकळून घेतलं म्हणजे बाटली दोन दिवस ठेवता येते असं होत नाही.

वाटीबद्दल तुम्ही विचारलंत, त्याला माझं मत स्पष्ट आहे : सशाला वाटी द्याच. मान खाली घालून पिणं हीच त्याची रीत आहे, आणि वाटीतून तो एका दमात भरपूर पितो. चिनीमातीची जड वाटी घ्या, कोपऱ्यात थोडी उंचावर ठेवा, दिवसातून दोनदा धुवा, कारण गवत आणि लेंड्या त्यात पडणारच. बाटलीही राहू दे, वाटी सांडली तर आधार असतो. गिनीपिगांची वाटी फार लवकर घाण होते, त्यांना बाटली मुख्य ठेवा. किती पाणी लागतं याचा अंदाज असा : सशाला किलोमागे दिवसाला ५० ते १५० मिली, गिनीपिगाला किलोमागे १०० मिलीच्या आसपास. ओला पाला जास्त खाल्ला तर थोडं कमी. मुलीला बाटलीवर कागदी पट्टी चिकटवून रोज रात्री पातळीची रेघ ओढायला सांगा. चार दिवसांत तिला तिच्या सशाचं नेहमीचं प्रमाण कळेल, आणि पाचव्या दिवशी रेघ हलली नाही तर डॉक्टरांच्या आधी तिला कळेल.

पायरीवरचा टोप जरूर ठेवा, उन्हातान्हात फिरणाऱ्या कुत्र्यांना त्याचा फार आधार असतो. पण रात्री तो रिकामा करून पालथा घाला. पावसात उंदीर पडवीत येतात, त्यांच्या लघवीतून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू पाण्यात उतरतात. आणि सकाळी भरताना आतली कड पाण्याच्या रेषेच्या वर घासून घ्या. डेंग्यूचा डास अंडी तिथे कडेला चिकटवतो, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत, सुकी राहिली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागलं की आठ-दहा दिवसांत डास होतात.

चवथ जवळ येतेय, तुम्हीही गावच्या घरी जालच. शक्य असेल तर पिंजरे बरोबर न्या. नाही जमलं, तर बाटली आणि वाटी दोन्ही भरून ठेवा आणि किल्ली जिच्याकडे द्याल तिला आधी घरी बोलावून मुलीकडून एकदा करून दाखवा : गोळी बोटाने दाबायची, थेंब बोटावर घ्यायचा, बाटलीत बुडबुडा वर जाताना बघायचा, मग लेंड्या बघायच्या. सकाळी एकदा, दिवेलागणीला एकदा.